ओंकार आणि होकार

मंत्राच्या आरंभी आपण ‘ॐ’ उच्चारतो, लग्नपत्रिकेच्या माथ्यावरही तोच लिहितो. त्यामुळे हे अक्षर केवळ आरंभाचे आहे असा समज सहज होतो. परंतु छांदोग्योपनिषदाच्या पहिल्याच खंडात त्याचा जो एक अर्थ सांगितला आहे, तो आरंभाचा नसून उत्तराचा आहे. तेथे ओंकाराला अनुज्ञेचे अक्षर म्हटले आहे. मनुष्य ज्या कशास संमती देतो त्यास ‘ओम्’ असेच म्हणतो, असे श्रुतीचे सांगणे. साध्या मराठीत, ‘ओम्’ म्हणजे ‘होय’.

वैयाकरण हा शब्द ‘अव्’, म्हणजे रक्षण करणे, या धातूपासून साधतात. ती व्युत्पत्ती आदरणीय खरी. पण तिच्यावरून संमतीचा अर्थ उलगडत नाही. तो प्रयोगावरूनच पाहिला पाहिजे. बृहदारण्यकात विदग्ध शाकल्य याज्ञवल्क्यांस विचारतो, देव किती? उत्तर येते, तीन हजार तीनशे सहा. शाकल्य ‘ओम्’ म्हणतो आणि पुन्हा तोच प्रश्न करतो. मग तेहेतीस, सहा, तीन, दोन, दीड आणि शेवटी एक, अशी संख्या उतरत जाते. प्रत्येक उत्तरास शाकल्याचा ‘ओम्’ आहेच. येथे त्यात कोणतेही गूढ नाही. ‘बरोबर आहे, पण पुढे सांगा’ एवढाच त्याचा भाव.

ऐतरेय ब्राह्मणात याहून सूक्ष्म भेद केलेला आढळतो. राजसूय यज्ञात अभिषिक्त राजास शुनःशेपाचे आख्यान ऐकवावयाचे असते. होता ते सांगतो व अध्वर्यू त्यास प्रतिसाद देतो: ऋचेस ‘ओम्’ आणि गाथेस ‘तथा’. ‘ओम्’ हे दैवी व ‘तथा’ हे मानुष, असे कारणही ब्राह्मणकार देतात. आजीची गोष्ट ऐकताना नातवंडांनी हुंकार द्यावा आणि तो थांबताच आजीने ‘झोपलास काय रे?’ म्हणून विचारावे, ही घरोघरची रीत याच जातीची नव्हे काय?

आपल्या घरच्या पुण्याहवाचनातही हाच व्यवहार आहे. यजमान ब्राह्मणांस ‘हा दिवस पुण्यकारक आहे असे आपण म्हणावे’ अशी विनंती करतो, आणि ते ओंकारपूर्वक तसे म्हणतात. एकदा नव्हे, तीनदा. दिवस शुभ आहे हे यजमानाने स्वतःच ठरवून चालत नाही; त्याला दुसऱ्याचा होकार लागतो.

‘ओंकार’ आणि ‘होकार’ या शब्दांचे ध्वनिसाम्य पाहून दोन्ही एकच मानण्याचा मोह होतो. तो आवरावा. आपला ‘होय’ संस्कृत ‘भवति’चा, प्राकृत ‘होइ’च्या द्वारे आलेला वंशज आहे, ‘तसे आहे’ हा त्याचा मूळ अर्थ. इंग्रजी ‘अफर्म’चे मूळ वेगळेच, लॅटिन भाषेत ‘दृढ’ अशा अर्थाच्या शब्दात आहे. राज्यघटनेतील प्रतिज्ञेच्या मराठी पाठात ‘दृढकथन’ हा शब्द योजिला आहे, तो यथार्थच होय.

श्रुतीने मात्र संमतीचे नाते दृढतेपेक्षा समृद्धीशी जोडले आहे. छांदोग्य म्हणते, अनुज्ञा हीच समृद्धी. श्रीशंकराचार्य याचा उलगडा करतात की, जो संपन्न असतो तोच मागणाऱ्यास ‘ओम्’ म्हणू शकतो. ज्याच्याजवळ काही नाही, तो होकार कशाच्या बळावर देणार?

याची दुसरी बाजू ऐतरेय आरण्यकात आहे, आणि ती फारशी कोणी वाचत नाही. तेथे ‘ओम्’ हे सत्य व ‘न’ हे अनृत म्हटले आहे. सत्य हे वाणीचे फूल व फळ, अनृत हे तिचे मूळ. मूळ उघडे पडले की झाड वाळते, म्हणून मनुष्याने असत्य बोलू नये. येथवर उपदेश अपेक्षित असाच आहे. परंतु लगेच आरण्यक बजावते की, जो प्रत्येक गोष्टीस ‘ओम्’ म्हणतो तो स्वतः रिता होतो. जो सर्वांस ‘न’ म्हणतो त्याची अपकीर्ती होते. म्हणून योग्य काळीच द्यावे, अयोग्य काळी देऊ नये. वर्गणीच्या यादीवर सर्वांच्या आधी आकडा घालून पुढे वर्षभर तोंड चुकविणारे गृहस्थ कोणत्या गावी नाहीत? त्यांचा ‘ओम्’ सत्यही राहत नाही आणि समृद्धही.

देणे व ‘ओम्’ यांची गाठ बृहदारण्यकातील एका कथेतही पडते. देव, मनुष्य आणि असुर यांनी प्रजापतीपाशी ब्रह्मचर्य पाळून उपदेश मागितला. प्रजापतीने तिघांस ‘द’ हे एकच अक्षर दिले. देवांना त्यात ‘दमन करा’ असे ऐकू आले, असुरांना ‘दया करा’. मनुष्यांस प्रजापतीने विचारले, ‘समजले काय?’ ते म्हणाले, ‘समजले, दान करा असे आपण सांगितले.’ त्यावर प्रजापती म्हणाला, ‘ओम्, तुम्हास समजले.’