टेकडीच्या पोटातील स्तूप

नागपूरच्या आग्नेयेस, भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी पवनी हे प्राचीन नगर वसलेले आहे. तेथील एका उंचवट्याला लोक जगन्नाथ टेकडी म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या ती साधी टेकडीच समजली जात होती. परंतु ती निसर्गाने घडविलेली नव्हती.

1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव व श्री. जगत्पती जोशी हे त्या कार्याचे प्रमुख होते. उत्खननात घाई चालत नाही. मातीचा एकेक थर जपून काढावा लागतो. कोणती वस्तू कोणत्या थरात सापडली, याची नोंद ठेवावी लागते. कारण एकदा खणलेली माती पुन्हा पूर्ववत होत नाही.

हळूहळू मातीखालून एक वर्तुळाकार वास्तू प्रकट झाली. तो बौद्ध स्तूप होता! बुद्धाच्या किंवा थोर भिक्षूंच्या अस्थी, अथवा त्यांची एखादी पवित्र वस्तू जपण्यासाठी असे घुमटाकार स्तूप उभारीत आणि भाविक त्यांना प्रदक्षिणा घालीत. सांचीच्या महास्तूपाचा व्यास सुमारे 36 मीटर आहे. पवनीचा हा स्तूप त्याहूनही विस्तीर्ण होता.

स्तूपाच्या कठड्याचे कोरीव दगडी खांबही मिळाले. एकावर पाच फण्यांचा नागराज मुचलिंद कोरलेला आहे. वादळी पावसात त्याने बुद्धावर आपला फणा धरला, अशी कथा आहे.

काही दगडांवर ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. त्यांत राजाच्या पराक्रमाचे वर्णन नाही. दान देणाऱ्यांची नावे आहेत. विसमिता नावाच्या एका स्त्रीने आपल्या दानाबरोबर सर्व प्राणिमात्रांच्या सुखाची इच्छा कोरविली. ती कोण होती, कोठे राहत होती, हे कालौघात लोपले. तिची सदिच्छा मात्र दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते.

आपल्या गावाजवळ एखादा कोरीव दगड पडलेला दिसला, तर तो उचलू नये, त्यावर आपले नाव कोरू नये. कोणी सांगावे, त्यावर आधीच कोणाचे तरी नाव असेल!

शब्दार्थ : उत्खनन – शास्त्रीय पद्धतीने केलेले खोदकाम. कालौघ – काळाचा प्रवाह. सदिच्छा – चांगली इच्छा.

स्वाध्याय
1. उत्खननात घाई का करीत नाहीत?
2. स्तूप कशासाठी उभारीत?
3. विसमितेच्या दानलेखावरून तिच्या स्वभावाविषयी काय समजते?