चाकाचा आवाज कसा ओळखावा?

ज्याने बैलबंडी हाकली आहे, त्याला चाकाचा आवाज काय सांगतो हे शिकवावे लागत नाही. आख कोरडा पडला की चाक कुरकुरते. मग आपण बंडी थांबवतो, चाक थोडे बाहेर ओढतो आणि आखाला वंगण लावतो. तेवढ्याने काम भागते. पुढे रबरी टायरची डनलप बंडी आली. तिच्या चाकात छर्रे आले. आता गावात मोटारीही आल्या. कोणी कर्ज काढून घेतली, कोणी कपाशीच्या पैशांतून घेतली. मोटारीच्या चाकातही छर्रेच असतात. पण ते बंद असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ते बिघडले, तर आधी कानाला कळते.

या पाठात आपण दोन गोष्टी पाहू. चाकाचा आवाज ओळखायचा कसा, ही एक. आणि गाडी हमीत असेल, म्हणजे शोरूमवाले ज्याला वॉरंटी म्हणतात त्या मुदतीत असेल, तर कागदावर काय लिहून घ्यायचे, ही दुसरी. आमच्या मते दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बिघाड मिस्त्री शोधील. कागद मात्र आपणच सांभाळायचा असतो.

बेअरिंग म्हणजे काय?

पोलादाच्या दोन कड्या असतात. एक लहान, एक मोठी. लहान कडी मोठ्या कडीच्या आत बसते. दोन्हींच्या मध्ये गुळगुळीत छर्रे असतात. काही गाड्यांत छर्‍यांच्या जागी लहान लहान रूळ असतात. ते एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांना एका पिंजऱ्यात बसवतात. आत ग्रीस भरतात आणि तोंडाशी रबराचे सील लावतात. यालाच बेअरिंग म्हणतात. ही वस्तू फार दूर बनते असे नाही. देऊळगाव राजाच्या पलीकडे, जालना शहरात, बेअरिंग बनवणारा कारखाना आहे.

गाडीचे सगळे ओझे या बेअरिंगांवर असते. आता समजा, सील फाटले. आपल्याकडे पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहते. त्यातून गाडी घातली की पाणी आणि काळ्या मातीचा गाळ आत शिरतो. ग्रीस खराब होते, पोलाद गंजते. मोठ्या खड्ड्यात चाक आदळले, किंवा गाडीत झेपेल त्याहून जास्त पोती भरली, तरी कडीवर बारीक खळगा पडतो. कधी कधी माल कारखान्यातूनच सदोष येतो. खळगा मोहरीच्या दाण्याएवढा असला तरी पुरे. मोटारीचे चाक एका किलोमीटरला ५५० च्या आसपास फेरे घेते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गेले, तर मिनिटाला ५५० फेरे झाले. प्रत्येक फेऱ्यात छर्रे त्या खळग्यावरून जातात. म्हणून ठक ठक असा आवाज न येता सलग घूंऽऽ असा आवाज येतो. दळणाच्या गिरणीजवळ उभे राहिल्यासारखे वाटते.

आवाज बेअरिंगचाच कशावरून?

इथेच पुष्कळांची फसगत होते. टायर वेडावाकडा झिजला, तरी असाच घूं आवाज येतो. म्हणून घाई करू नये.

आधी पाहा, आवाज इंजिनाचा तर नाही? मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी चालू असताना क्षणभर न्यूट्रल करा. इंजिन शांत झाले, पण घूं तसाच राहिला, तर आवाज चाकाकडचा आहे. राजूरच्या घाटात, किंवा कुठल्याही उतारावर, हा प्रयोग मुळीच करू नये.

मग रस्ता बदलून पाहा. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यात मेहकर आणि सिंदखेडराजा या भागांतून जातो. तो सिमेंट काँक्रीटचा आहे. गावाकडचा रस्ता डांबरी असतो. काँक्रीटवर आवाज एक आणि डांबरावर अगदी वेगळा, असे झाले तर टायरवर संशय घ्यावा. दोन्हीकडे आवाज सारखाच आला, तर बेअरिंगवर. आणखी एक युक्ती आहे. पुढची चाके मागे आणि मागची पुढे बसवून घ्या. आवाजाची जागा चाकाबरोबर बदलली, तर दोष टायरचा.

आता वळणाची खूण. गाडी डावीकडे वळते तेव्हा ओझे उजव्या चाकांवर जाते. बंडी वळवताना माल बाहेरच्या बाजूला कलतो, तसेच हे आहे. डावीकडे वळताना घूं वाढला आणि उजवीकडे वळताना कमी झाला, तर बहुतेक उजव्या बाजूचे बेअरिंग गेले असते. उलट झाले तर डाव्या बाजूचे. आम्ही बहुतेक म्हणतो, कारण ही खूण दर वेळी खरी ठरेलच असे नाही.

आवाज घूं असा नसेल, तर कारणही निराळे असते. हँडल पूर्ण वळवल्यावर कट कट वाजत असेल, तर तो पुढच्या चाकांच्या सांध्याचा आवाज असू शकतो. ब्रेक दाबताच आवाज बदलत असेल, तर आधी ब्रेक पाहावा. कधी तर टायरच्या खाचेत नुसता खडा अडकलेला असतो!

शेवटची परीक्षा मिस्त्रीने करायची. बाकीच्या चाकांना दगड लावून तो एक चाक जॅकवर उचलतो. एक हात चाकाजवळच्या स्प्रिंगवर ठेवतो आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवतो. आत खरखर असेल, तर ती स्प्रिंगवरच्या हाताला कळते. मग चाक वर-खाली धरून हलवतो. चाक खटखट हलले, तर दुखणे पुढे गेले आहे. तशी गाडी रस्त्यावर काढू नये. बेअरिंग पुरते मोडले, तर चाक डगमगते, निखळूही शकते. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, मिस्त्री असला तरी.

हमीची गाडी आणि कागद

गाडीबरोबर एक पुस्तिका मिळते. तीत हमी किती वर्षे आणि किती किलोमीटर, हे छापलेले असते. त्यापुढे शब्द असतात, ‘जे आधी होईल ते’. हे चार शब्द नीट वाचा. समजा, ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर अशी हमी आहे. तुमची गाडी दोन वर्षांतच १ लाख किलोमीटर धावली, तर हमी तिथेच संपली. बऱ्याच पुस्तिकांत असेही लिहिलेले असते की, किरकोळ आवाज, नेहमीची झीज, अपघात, जादा भार आणि बाहेर केलेली दुरुस्ती यांना हमी लागू नाही. म्हणून हमीतल्या गाडीचे चाक कोपऱ्यावरच्या गॅरेजात आधी खोलू नये.

शोरूमच्या वर्कशॉपमध्ये गाडी घेतात तेव्हा एक कागद भरतात. त्याला जॉब कार्ड म्हणतात. तिथे बोलणे बहुधा असे होते.

“काय त्रास आहे, भाऊ?”

“साहेब, चाकातून आवाज येतो.”

“नवीन गाडी आहे, थोडा आवाज येतोच. सर्व्हिसिंग करून देतो. इथे सही करा.”

आपण सही करतो. कागदावर फक्त ‘सर्व्हिसिंग’ एवढेच लिहिलेले असते. पुढे हमी संपते, आवाज वाढतो, आणि तक्रार आधी केली होती याला पुरावा उरत नाही. ज्याला वाचता येते, त्याने असे होऊ देऊ नये. सही करण्याआधी कागद वाचावा आणि आपली तक्रार त्यावर लिहायला लावावी. ती अशी असावी. वहीत एकदा उतरवून पाहा.

‘ताशी ४० किलोमीटरच्या पुढे पुढच्या उजव्या चाकाकडून घूं असा आवाज येतो. वेग वाढला की वाढतो. डावीकडे वळताना जास्त येतो. न्यूट्रलमध्येही थांबत नाही. बेअरिंग तपासावे.’

त्याखाली तारीख आणि मीटरचा आकडा हवा. त्यांच्या माणसाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवा. तो म्हणाला, “यात दोष नाही,” तर भांडू नका. तेवढेच कागदावर लिहून द्या, म्हणावे. प्रत घरी न्या आणि बिलाबरोबर ठेवा.

एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर विक्रेत्याला आणि कंपनीला पत्र लिहावे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे बुलढाण्याला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गाडी अकोल्याला घेतलेली असली तरी. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती करावी. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर फी नाही. पोट भरण्यासाठी स्वतः गाडी चालवणाराही कायद्याने ग्राहकच आहे.

मात्र एका बेअरिंगसाठी नवी कोरी गाडी मागू नये. एका मोटारीच्या क्लचची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. २००६ साली न्यायालयाने सांगितले की, हमी सदोष भाग बदलून देण्याची असेल, तर भाग मागता येतो, अख्खी गाडी नाही.

दोष पारखण्यासाठी गरज पडली, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तेव्हा वर्कशॉपने नकार दिला आणि गाडी धोक्याची झाली म्हणून बेअरिंग बाहेर बदलावेच लागले, तर जुने बेअरिंग भंगारात घालू नका. ते न धुता, न पुसता पिशवीत बांधा, वर तारखेची चिठ्ठी लावा आणि मिस्त्रीच्या बिलासह पेटीत ठेवा.