खाडीतील नौकासहल : भरती-ओहोटीचा पाठ

मुलुंड-भांडुपच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. तिच्या पश्चिम तीरावरील पट्टा २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. पलीकडे ऐरोलीस वनखात्याच्या केंद्रात मार्गदर्शकासह नौकासहलीची सोय आहे.

पूर्वतयारी : सहलीचा दिवस शाळेने निवडावा, वेळ मात्र भरतीच ठरवते, कारण ओहोटीत नाव चिखलात रुतते. कोळ्यांच्या हिशेबाप्रमाणे तिथीला तिनाने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीचा अदमासे तास निघतो : चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. हे गणित मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावे. नक्की वेळ केंद्रातून विचारावी.

दक्षता : जीवरक्षक जाकीट बांधल्याखेरीज एकाही मुलास नावेत चढू देऊ नये.

निरीक्षण : तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे दाखवावीत. हिवाळ्यात व उन्हाळ्यात रोहितांचे थवेही दिसतात. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या चिखलातील सूक्ष्म शैवाल हे त्यांचे मुख्य अन्न. त्यांचा गुलाबी रंगही त्यातूनच येतो.

स्वाध्याय : ‘हा चिखल भरून टाकला तर कोणाकोणाचे अन्न जाईल?’ याचे उत्तर मुलांनी स्वतः पाहिलेल्या गोष्टींवरून लिहावे.