तालमीतून मैदानाकडे : लहान शहरांतील फुटबॉल संघांचा इतिहास

फुटबॉलचा इतिहास बहुधा महानगरांच्या अंगाने लिहिला जातो. लंडन, मिलान, कलकत्ता या शहरांतील बलाढ्य संघ, त्यांची विजयचिन्हे आणि त्यांचे नामांकित खेळाडू हेच त्याचे विषय असतात. परंतु हा खेळ समाजात खोलवर कसा रुजला हे समजून घ्यावयाचे असेल, तर लहान शहरांकडे वळावे लागते. लहान शहरातील संघ हा गावाच्या मालकीचा असतो. त्याच्या जय-पराजयात गावाची प्रतिष्ठा गुंतलेली असते. अशा संघांचे भवितव्य काय, हा प्रश्न इटलीत एका शतकापूर्वीच उभा राहिला. महाराष्ट्रात तो कोल्हापुरात उभा आहे. या दोन स्थळांची तुलना म्हणूनच उद्बोधक ठरते.

व्हेर्चेल्लीचा दाखला

उत्तर इटलीतील पीडमाँट प्रांतात, भातशेतीच्या सपाट प्रदेशात व्हेर्चेल्ली हे लहानसे नगर वसले आहे. तेथे १८९२ साली एक व्यायामसंस्था स्थापन झाली. कवायत, कसरत आणि तलवारबाजी हे तिचे मूळ विषय होत. १९०३ साली या संस्थेत फुटबॉलची शाखा सुरू झाली. त्या कामी पुढाकार घेणारा मार्चेल्लो बेर्तिनेत्ती हा स्वतः तलवारबाज होता. पुढे १९२४ आणि १९२८ च्या ऑलिंपिक स्पर्धांत त्याने तलवारबाजीच्या सांघिक प्रकारांत सुवर्णपदके मिळवली. व्यायामशाळेच्या शिस्तीत वाढलेल्या या ‘प्रो व्हेर्चेल्ली’ संघाने १९०८ ते १९२२ या काळात इटलीचे अजिंक्यपद सात वेळा पटकावले. तुरिन, मिलान आणि जेनोआ या धनाढ्य शहरांना एका शेतकी नगराने नमवले, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

या संघाचा स्वाभिमान १९१० च्या एका प्रसंगातून स्पष्ट होतो. त्या वर्षी मिलानच्या इंटर संघाशी निर्णायक सामना व्हावयाचा होता. ठरलेल्या दिवशी व्हेर्चेल्लीचे काही खेळाडू सैनिकी स्पर्धेत गुंतलेले असल्याने तारीख बदलावी, अशी विनंती संघाने केली. ती मान्य झाली नाही. तेव्हा निषेध म्हणून व्हेर्चेल्लीने कोवळ्या मुलांचा संघ मैदानात उतरवला आणि १० विरुद्ध ३ असा पराभव पत्करला. अजिंक्यपद गेले, पण आपला मान आपण राखला अशी गावाची भावना झाली.

पराभवाने हा संघ खचला नाही. तो खचला पैशाने. १९२३ साली त्याचा उत्कृष्ट बचावपटू विर्जिनिओ रोझेत्ता तुरिनच्या युव्हेंतुस संघाकडे गेला आणि त्यावरून मोठा वाद माजला. १९२६ साली नियम बदलले व खेळाडूंना मोबदला देण्याचा मार्ग खुला झाला. त्यानंतर गुणी खेळाडू घडवावेत आणि मोठ्या शहरांना विकावेत, एवढेच व्हेर्चेल्लीच्या हाती उरले. सिल्व्हिओ पिओला हा असाधारण आघाडीवीर १९३४ साली रोमच्या लात्सिओ संघाकडे गेला. पुढच्याच वर्षी व्हेर्चेल्ली पहिल्या श्रेणीतून खाली घसरला तो पुन्हा कधी वर चढला नाही. दुसऱ्या श्रेणीत परतण्यासही त्याला १९४८ पासून २०१२ पर्यंत वाट पाहावी लागली.

कोल्हापूरची तालीम

‘तालीम’ या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण असा आहे. कोल्हापुरात मात्र तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा हौदा नव्हे. ती पेठेची चावडी होय. तेथे वस्तादाच्या नजरेखाली जोर-बैठका चालतात, मारुतीची पूजा होते, गणेशोत्सव साजरा होतो आणि अनेक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला उदार आश्रय दिला. १९०२ च्या युरोप प्रवासात रोमचे प्राचीन रंगमंडल पाहून आल्यावर त्यांनी खासबागेचे कुस्ती मैदान उभारले. ते १९१२ साली पूर्ण झाले.

फुटबॉल हा खेळ भारतात इंग्रजी पलटणींबरोबर आला. मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली होती. कोल्हापुरात या खेळाला छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत राजाश्रय लाभला आणि १९४० साली ‘कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन’ ही संस्था अस्तित्वात आली. व्हेर्चेल्लीत व्यायामशाळेने चेंडू स्वीकारला, त्याचप्रमाणे येथे तालमींनी तो स्वीकारला. काशीच्या घाटांजवळील आखाड्यांशी तुलना केली असता हे वेगळेपण लक्षात येते. तेथील आखाडे कुस्ती, जोडी आणि गदा यांच्याशीच एकनिष्ठ राहिले. कोल्हापूरच्या तालमींनी कुस्ती न सोडता नवा खेळ आपलासा केला.

पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही संघांची नावेच त्यांचे कूळ सांगतात. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ हे संघही वस्तीच्या नावाने आणि वस्तीच्या बळावर उभे आहेत. पावसाळा सरला की शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू होतो व तो उन्हाळ्यापर्यंत चालतो. सामना दोन तालमींचा असला तरी कित्येकदा झुंज शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची असते.

निष्ठेची किंमत

या निष्ठेचे दोन पैलू आहेत. एक असा की, मुलाला संघ निवडावा लागत नाही. तो संघात जन्मतो. आजोबा, वडील आणि मुलगा एकाच रंगाची बाजू घेतात. वर्गणी, मैदानावरील राबणूक, जखमी खेळाडूची देखभाल ही पेठेची कामे ठरतात. कोणताही धनिक हा संघ विकत घेऊन दुसऱ्या गावी नेऊ शकत नाही, कारण विकण्याजोगे त्यात काहीच नसते.

दुसरा पैलू कटू आहे. पेठेची अस्मिता खेळापेक्षा मोठी झाली की मैदानाचे रणांगण होते. समर्थकांतील हाणामाऱ्या, अर्ध्यावर थांबलेले सामने आणि कडक पोलीस बंदोबस्त हे प्रकार कोल्हापूरने वारंवार पाहिले आहेत. विजयाच्या ईर्ष्येने पैसाही शिरला. चषकांच्या रकमा वाढल्या, परगावचे खेळाडू आले आणि आफ्रिकेतील, विशेषतः नायजेरियातील, खेळाडूंनाही पाचारण करण्यात आले. संघ जिंकू लागला, परंतु पेठेतील मुलगा राखीव बाकावर बसला तर तालीम कोणासाठी, असा प्रश्न जाणत्यांना पडणे स्वाभाविक होते. परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याची आवश्यकता त्यातूनच निर्माण झाली.

येथे खेळाडूच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. पेठेची निष्ठा टाळ्या देते, पण तिच्यावर संसार चालत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळला. त्याची घडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली आणि पुढे तो व्यावसायिक संघाकडे गेला. मुलींसाठी तर तालमीचे दार परंपरेने बंदच होते. त्यांच्यासाठी वेगळी वाट काढावी लागली. २०२० च्या राष्ट्रीय महिला लीगमध्ये ‘एफ. सी. कोल्हापूर सिटी’ हा संघ उतरला. त्याचे नाव कोणत्याही पेठेचे नव्हते, साऱ्या शहराचे होते, ही बाब सूचक आहे.

तात्पर्य

व्हेर्चेल्लीने राष्ट्रीय वैभव मिळवले व बाजाराच्या नियमांपुढे ते गमावले. कोल्हापूर त्या बाजारापासून पुष्कळसे दूर राहिले, म्हणून त्याच्या तालमी टिकल्या. परंतु त्याच कारणाने त्यांचे कर्तृत्व एका शहराच्या सीमेत अडकून पडले. दोन्ही मार्गांना आपापली किंमत आहे. व्हेर्चेल्लीच्या मैदानाला आज पिओलाचे नाव आहे. गावाने खेळाडू गमावला, पण त्याच्याशी असलेले नाते सोडले नाही. कोल्हापूरच्या तालमींपुढील कार्य याहून फार निराळे नाही. गुणी मुलाला मोकळ्या मनाने बाहेर पाठवावे, समोरच्या पेठेला शत्रू न मानता प्रतिस्पर्धी मानावे आणि वस्तादाने हौद्यात शिकवलेला पहिला धडा मैदानावरही पाळावा. तो धडा असा की, कुस्ती सुरू होण्यापूर्वी मल्ल प्रतिपक्षाशी हात मिळवतो. तेवढे साधले तर ‘तालीम’ या शब्दाचा मूळ अर्थ सार्थ होईल.