फाल्गुनातले लोणार : नव्या पक्षिनिरीक्षकासाठी



थंडी सरताना पक्षी पाहायला निघणाऱ्यासाठी बुलडाणा जिल्ह्यात लोणारसारखी दुसरी जागा नाही. अशनी आदळून बेसाल्ट खडकात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. तळाशी खारे सरोवर आणि उतारावर सागाचे रान असल्यामुळे पाणपक्षी आणि रानपक्षी एकाच सकाळी पाहायला मिळतात. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वरनंतरचे हे महाराष्ट्रातले दुसरे.

माघ संपून फाल्गुन लागतो तेव्हा उत्तरेकडून आलेले पाहुणे अजून परतलेले नसतात आणि इथल्या रहिवाशांची विणीची लगबग सुरू झालेली असते. पिवळा धोबी याच सुमारास रंग बदलतो. हिवाळाभर मळकट दिसणाऱ्या नराच्या पोटावर हळदीसारखा पिवळा चढू लागतो, तो मायदेशी जाऊन जोडी जमवण्यासाठी. एकाच थव्यात अर्धवट रंगलेले आणि पूर्ण रंगलेले नर शेजारीशेजारी चरत असतात. असा थवा दिसला की पुढे न जाता निदान पाव तास तिथेच बसावे.

सूर्योदयाला विवराच्या काठावर पोचावे, पण लगेच खाली उतरू नये. पूर्वेकडची कड उंच असल्यामुळे तळात बराच वेळ सावली राहते आणि पाण्यावरचे पक्षी नुसतेच काळे दिसतात. तोवर धारेच्या परिसरात थांबावे. गोड्या पाण्याचा हा झरा बारमाही वाहतो आणि पक्षी तिथे पाणी प्यायला उतरतात.

उतारावरच्या सागाची पाने याच दिवसांत झडलेली असतात. पक्षी दिसायला हे सोयीचे, पण चालणाऱ्याच्या पायाखाली पाचोळा वाजतो आणि पक्षी आधीच सावध होतात. म्हणून दहा पावले चालावे आणि थांबून ऐकावे. पाचोळ्यातला कलकलाट बहुधा सातभाईंचा. झाडाच्या शेंड्यावरून एकसारखी टुकटुक येत असेल तर तांबट. फुललेला पळस दिसला तर तिथे जरूर रेंगाळावे. शिंजीर, मैना, बुलबुल तिथे मधासाठी येतात, आणि मध्य आशियातून आलेल्या भोरड्यांचा थवा उतरला तर सारे झाड गजबजून जाते.

सरोवराच्या काठी पक्ष्याचे नाव शोधण्याआधी तो काय खातो ते पाहावे. पाण्याचा सामू दहाच्या आसपास नोंदला गेला आहे आणि एवढ्या क्षारात मासे सहसा टिकत नाहीत. तिथे शेवाळ आणि किडे-अळ्यांवर जगणाऱ्यांचे राज्य. शेकाट्या लांब गुलाबी पायांनी उथळ पाण्यात शिरतो आणि सुईसारखी चोच सपसप चालवतो. तुतारी काठाचा चिखल टोचत जाते. गोडे पाणी जिथे येऊन मिळते तिथली वर्दळ निराळी, म्हणून त्या जागा वेगळ्या नोंदवाव्यात. सरोवरात गोडे पाणी वाढले, की कोण येते आणि कोण जाते हेही बदलते. जुन्या वह्या अशा वेळी फार मोलाच्या ठरतात. जागतिक पातळीवर संकटात आलेल्या लालसरी बदकाची आणि पांढऱ्या मानेच्या करकोच्याची इथे नोंद आहे; ते दिसले तर संख्या, वेळ आणि जागा लिहून ठेवलीच पाहिजे.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, की आल्या पावली मागे फिरावे. तिची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांत मिसळून जातील अशी असतात आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे तर पूर्ण वर्ज्य. विणीच्या दिवसांत नर त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजतो आणि घरटे, पिल्ले सोडून त्याच्या मागे लागतो.

दहा वाजले की ऊन चढते आणि रान गप्प होते. त्या वेळी झाडाखाली बसून टिपणे पुरी करावीत. गावातली माणसे एखाद्या पक्ष्याला काय म्हणतात तेही लिहावे. मारुती चितमपल्लींनी पक्षिकोशासाठी अशीच नावे आयुष्यभर जमवली. दुसऱ्या दिवशी देऊळगाव राजा तालुक्यातल्या खडकपूर्णा जलाशयावर जावे. तिथे पाणी गोडे आणि मासे भरपूर, त्यामुळे पाणकावळे, खंड्या, बगळे हे मासेखाऊ पक्षी सहज दिसतात.

— काका