हात मुलांचे, आच मोठ्यांची

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना स्वयंपाकघरात घ्यायचं असेल, तर छोट्या पिटा पिझ्झाइतका चांगला पदार्थ दुसरा नाही, असं मी आजही मानते. पण पदार्थ सोपा आहे म्हणून काळजी कमी घेतली तर चालतं, असं मुळीच नाही. नागपूरच्या एका मे महिन्यात हे मला नीट कळलं. तेव्हापासून सुट्टीत मुलं घरी आली की हा बेत ठरलेला असतो, पण तो एका शिस्तीत होतो. ती शिस्त इतरांच्याही उपयोगी पडावी म्हणून हे लिहिते आहे.

आधी पिटाच का, ते सांगते. पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना यीस्ट घालून भिजवलेला मैदा बघता बघता फुगतो आणि थोडं दुर्लक्ष झालं की आंबतो. शिवाय पीठ मळायला बसलेली मुलं कच्चा गोळा तोंडात टाकतातच. कच्च्या पिठात जंतू असू शकतात, त्यामुळे ते पोटात गेलेलं बरं नाही. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत उष्णता साडेचारशे अंशांच्या घरात असते, म्हणून तिथला पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. आपल्या गॅसला किंवा ओटीजीला ते जमणारं नाही. पिटा मात्र आधीच भाजलेला असतो. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन या भागांतली ही रोजची रोटी. कडक भट्टीत तिच्या आतल्या पाण्याची वाफ होते आणि दोन पापुद्रे सुटतात. आपला फुलका फुगतो तो याच कारणाने. त्यामुळे आपल्याला फक्त तो गरम करायचा आणि वरचं चीज वितळवायचं, एवढंच काम उरतं.

त्या दिवशी बहिणीची दोन मुलं आणि शेजारची तीन-चार, अशी सगळी ओट्याभोवती होती. सॉस लावून झाला, चीज पसरून झालं, पिटा तव्यावर ठेवून वर स्टीलचं झाकण घातलं. मी एका लहानग्याला पाणी देत होते. तेवढ्यात आठ वर्षांच्या भाचीने चीज वितळलं का ते बघायला झाकण उचललं. झाकण तिच्या बाजूने उघडलं आणि कोंडलेली सगळी वाफ तिच्या मनगटावर आली. ती किंचाळली. मी तिला सिंककडे नेलं आणि हात नळाखाली धरला, तर पाणी गरम! गच्चीवरच्या टाकीत दिवसभर तापलेलं ते पाणी भाजलेल्या जागेवर सोडण्याच्या लायकीचं नव्हतं. मग माठातलं पाणी तांब्याने सतत ओतत राहिलो. तोवर एकीने टूथपेस्ट आणली, दुसरीने हळद. दोन्ही बाजूला ठेवायला लावलं. डॉक्टरांनी पाहिल्यावर सांगितलं की पाणी भरपूर वेळ ओतलं हे बरं झालं. एक फोड आला, तो आपोआप बसला आणि डागही राहिला नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला पाण्याचा. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी थंड असेल असं धरून चालू नका. स्वयंपाकाला सुरुवात करण्याआधी एक बादली पाणी घरात सावलीला भरून ठेवा, माठही भरलेला असू द्या. भाजलं तर त्या जागेवर २० मिनिटं थंड पाणी सोडायचं. घड्याळ लावूनच सोडा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंही खूप वाटतात. बांगडी, अंगठी, घड्याळ सूज येण्याआधी काढा. बर्फ लावू नका, त्याने त्वचेला आणखी इजा होते. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद, बटाट्याचा कीस यांतलं काहीही लावू नका आणि फोड फोडू नका. चेहरा, हाताचा पंजा किंवा सांधा भाजला असेल, मूल अगदी लहान असेल किंवा भाजलेली जागा मुलाच्या तळहाताहून मोठी असेल, तर पाणी ओतून झाल्यावर थेट डॉक्टरांकडे जा.

दुसरा सल्ला झाकणाचा. काचेचं झाकण वापरा. चीज वितळताना बघण्याची मुलांची उत्सुकता अगदी रास्त आहे आणि काचेतून ती दुरूनच भागते. झाकण मोठ्यांनीच उचलायचं आणि उचलताना त्याची पलीकडची कड आधी उघडायची, म्हणजे वाफ आपल्यापासून दूर जाते. तव्याची मूठ ओट्याच्या आतल्या बाजूला वळवलेली असावी. कूलरचा झोत स्वयंपाकघरात येत असेल तर तेवढा वेळ तो दुसरीकडे वळवा. वाऱ्याने गॅसची ज्योत फडफडते, कधी विझतेही, आणि गॅस सुरूच राहतो.

आता वेळ. दुपारी बारा ते चारमध्ये हा बेत करू नका. सकाळी साडेनऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर करा. तहानलेली मुलं चिडचिडी होतात आणि चिडचिडीतच धक्काबुक्की होते. म्हणून आधी सगळ्यांना पन्हं किंवा ताक द्या आणि मगच कामाला लागा.

सहा मुलांसाठी साधारण बारा छोटे पिटा पुरतात. अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, एक कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या, चमचाभर तेल, मीठ आणि चिमूटभर साखर यांचा सॉस मुलं यायच्या आधीच शिजवून थंड करून ठेवा. तो चमच्यावरून ओघळणार नाही इतका दाट हवा, नाहीतर पिटा ओला होतो. ओरेगॅनो नसेल तर चिमूटभर ओवा चुरडून घाला. दोन्हींच्या वासाचा गोतावळा एकच आहे. चीज एका पिटाला १५ ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे सगळं मिळून पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम. पिटा मिळाले नाहीत तर कुलचे घ्या, तेही नसतील तर सकाळच्या जाडसर पोळ्याही चालतात. पिटा उरले तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात न ठेवता फ्रीझरमध्ये ठेवा. साध्या गारव्यात पाव लवकर शिळा आणि चिवट होतो.

मुलांना कामं वयाप्रमाणे वाटा. चार-पाच वर्षांच्या मुलांनी ढोबळी मिरची हाताने तोडावी, मक्याचे दाणे आणि पनीरचा चुरा पसरावा. सहा-सात वर्षांची मुलं चमच्याच्या पाठीने सॉस लावू शकतात. कडेला बोटभर जागा सोडायला त्यांना सांगा, नाहीतर सॉस तव्यावर ओघळून करपतो. नऊ-दहाच्या पुढच्या मुलांना छोट्या सुरीने सिमला मिरची आणि कांदा कापू द्या, पण शेजारी बसून. चीज किसण्याचं काम मोठ्यांचं. तुकडा लहान होत गेला की बोटं किसणीवर घासतात. हिरवी मिरची आणि चिली फ्लेक्स मुलांच्या हाती देऊच नका. तेच हात पुढे डोळ्यांना लागतात. पाचाच्या आतलं मूल असेल तर ऑलिव्ह आणि चेरी टोमॅटो अख्खे घालू नका, त्यांचे चार तुकडे करा. गोल, गुळगुळीत गोष्टी घशात अडकतात.

सजावट चालू असताना मुलांच्या डोक्यात प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरं देण्यासारखी असतात. मोझरेलाच्या तारा सुटतात, प्रोसेस्ड चीज नुसतं पातळ होतं, पनीर मात्र वितळतच नाही. पनीर लिंबू किंवा व्हिनेगर घालून दूध फाडून केलेलं असतं, त्यामुळे तापवलं तरी ते आपला आकार सोडत नाही. तिन्ही थोडं थोडं घालून मुलांनाच फरक बघू द्या. शाळेच्या पुस्तकात वाचलेलं विज्ञान इथे खाता येतं.

भाजण्याची पद्धत अशी. जाड बुडाचा तवा मंद आचेवर ठेवा. पिटाची एक बाजू मिनिटभर कोरडी शेका आणि ताटात उलटा घ्या. शेकलेल्या बाजूवर मुलांनी सॉस, भाज्या, चीज घालावं. कोरड्या झालेल्या पृष्ठभागात सॉस लगेच मुरत नाही. मग तो पिटा मोठ्यांनी तव्यावर ठेवून झाकावा. पाच-सहा मिनिटांत चीज वितळतं. ओटीजी असेल तर आधी दहा मिनिटं २०० अंशांवर तापवून सात-आठ मिनिटं ठेवा. जास्त ठेवला तर पिटा कडक होतो, कारण तो एकदा भाजलेलाच असतो. ओटीजीची काच आणि वरचा पत्रा बाहेरूनही चटका देतात, तेव्हा मुलं त्याच्यापासून हातभर लांब हवीत. काढलेला पिझ्झा जाळीवर ठेवा, म्हणजे खालून घामेजत नाही, आणि तीन-चार मिनिटं थांबून मगच मुलांना द्या. वितळलेलं चीज टाळूला चिकटून भाजतं.

शेवटी उरलेल्याचं काय करायचं ते. ३२ अंशांच्या वर हवा असताना चीज, सॉस, पनीर घातलेलं अन्न तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये. विदर्भात मे महिन्यात हा नियम कायमच लागू धरावा. ‘संध्याकाळी खाऊ’ म्हणून ताट झाकून ठेवू नका. न भाजलेले सजवलेले पिटा फ्रीजमध्ये ठेवा आणि लागतील तसे ताजे भाजा. वीज जाण्याची शक्यता असेल तर चीज त्या दिवसापुरतंच आणा.

ही सगळी तयारी वाचून कुणी मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवायचं ठरवलं, तर मला वाईट वाटेल. त्या संध्याकाळनंतर भाचीला आम्ही ओट्यापासून दूर ठेवलं नाही. आता झाकण कसं उघडायचं हे ती धाकट्यांना समजावून सांगते. पसरणं, लावणं, रचणं, चव घेणं हे सगळं मुलांना करू द्या. आच, झाकण, सुरी आणि घड्याळ आपल्याकडे ठेवा. या सुट्टीत मुलांना हाताने काहीतरी करून खायला शिकवा, आणि त्याआधी बादलीभर गार पाणी भरून ठेवा.