‘गवतच तर जळतंय’ म्हणणाऱ्यांना

डोंगराला वणवा लागला की खाली रस्त्यावर गाड्या थांबतात, मोबाइल वर होतात आणि कुणीतरी म्हणतंच, ‘गवतच तर जळतंय!’ ज्यांनी वणवा जवळून पाहिलाय त्यांना हे वाक्य डाचतं. मलाही डाचतं, कारण ते धडधडीत खोटं आहे. 8 एप्रिल 2021 रोजी नागझिऱ्यात आग विझवताना तीन वनमजूर होरपळून गेले. त्याआधी मार्च 2018 मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात वीसहून अधिक ट्रेकर्सचा जीव गेला, तोही वाळल्या गवतातून आलेल्या आगीने. माणसांची निदान मोजदाद होते. टिटवी, चंडोल यांची घरटी जमिनीवर, आणि वणव्याचे महिने नेमके त्यांच्या विणीचे. अंडी जागीच भाजतात, कासवाला पळता येत नाही, सशाची पिल्लं दडून बसण्याच्या सवयीपायीच जळतात. त्यांचा पंचनामा होत नाही. कागदावर उरतं ते ‘अमुक हेक्टर गवत’.

हा निसर्गाचा कोपही नव्हे. आपल्याकडे आग बहुतेक वेळा माणूसच लावतो. मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, बांध जाळताना आग निसटते, विडीचं थोटूक पडतं. ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ हे समर्थन सगळ्यात जुनं. कोंब लवकर दिसतात हे खरं, पण मुळं जिवंत असतात, पावसात ते येणारच. उलट वरचेवर जाळलेल्या माळावर आग सोसणारी कुसळी फोफावते. तिला कुसळं धरली की गुरं तोंड लावत नाहीत. शिवाय ऐन टंचाईत कामी येणारा वाळला चारा राख होतो, तो वेगळाच. ‘वनखातंही जाळतंच की,’ असंही ऐकवतात. वणवा पुढे सरकू नये म्हणून वनखातं आखतं ती जाळरेषा उन्हाळ्याआधी, माणसं उभी करून जाळतात. भर दुपारी काडी टाकून पळणाऱ्याने तिचा दाखला देऊ नये. आणि सगळं खापर गुराख्या-आदिवासींवर फोडणंही मला मान्य नाही. सहलीला येऊन चूल मांडणारे शहरी तितकेच दोषी आहेत, विझवायला मात्र पाड्यावरचेच लोक आधी पोचतात.

तेव्हा डोंगरात जाणाऱ्यांनी सावध राहावं, हे आलंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आग चढावर फार वेगाने धावते. खाली धूर दिसला तर माथ्याकडे पळू नका, कोरड्या घळीत तर मुळीच शिरू नका. आडवं सरकून आगीच्या वाटेतून बाजूला व्हा, किंवा आधीच जळून विझलेली जागा गाठा. अंगात सुती कपडे हवेत; नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. हिरव्या डहाळ्यांनी झोडपायचं तर मागून आणि बाजूने, ज्वाळांसमोर उभं राहून नव्हे. फोटो काढण्याआधी वनखात्याच्या 1926 क्रमांकावर कळवा. मोह वेचणाऱ्यांनी झाडाखाली जुनी लुगडी अंथरावीत, पाला पेटवायची गरजच उरत नाही. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे. काडी कुणी लावली हे गावाला बहुधा ठाऊक असतं. ते नाव तक्रारीत यायला हवं.